लस टोचली होती, मग लाळ्या आला कसा?

गायीच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत असतात. वैरणीला ती तोंड लावत नाही, मचमच करत उभी राहते, मधूनच एक पाय उचलून झटकते. जीभ हळूच बाहेर घेतली की वरच्या बाजूला पांढुरका फोड दिसतो. तो फुटला की सालपट ओल्या कागदासारखं सुटून येतं आणि खाली लालबुंद जीभ उघडी पडते. लाळ्या खुरकूत ओळखायला गावातल्या जाणत्यांना डॉक्टर लागत नाही. त्यांचा पुढचा प्रश्न मात्र अवघड असतो: "लस टोचून घेतली होती की! मग आला कसा?"

लस वाटेत गरम झाली असेल, सहा महिने उलटून गेले असतील, वासराचा दुसरा डोस राहिला असेल. हे आधी तपासावंच. पण आणखी एक कारण असू शकतं आणि ते गोठ्यात उभं राहून दिसत नाही. लाळ्या हे नाव एक असलं, तरी त्यामागचा विषाणू एकच नाही.

१८९८ साली जर्मनीत लोफलर आणि फ्रॉश या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही या रोगाचं बीज पार होतं. प्राण्यांमधला हा पहिला ओळखला गेलेला विषाणू. १९२२ साली फ्रान्समध्ये त्याचे दोन प्रकार वेगळे काढण्यात आले. एकातून बरं झालेलं जनावर दुसऱ्यानं पुन्हा आजारी पडत होतं. आज असे सात प्रकार माहीत आहेत. त्यातला 'सी' २००४ नंतर जगात कुठेच सापडलेला नाही. भारतात 'ओ', 'ए' आणि 'एशिया १' हे तीन आढळतात आणि त्यातही 'ओ'चा उपद्रव सर्वांत जास्त. आपल्या लसीत तिन्ही घालतात ते यासाठीच, कारण एकाची लस दुसऱ्याला थोपवत नाही.

इतक्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण या विषाणूचा सगळा मजकूर जेमतेम ८,४०० अक्षरांच्या आरएनए या जनुकीय धाग्यावर लिहिलेला असतो आणि त्याची नक्कल करताना चुका दुरुस्त करणारं कुणी नसतं. साधारण दर नकलेत एखादं अक्षर चुकतं. एका आजारी गायीच्या जिभेवर अशा कोट्यवधी नकला तयार होतात. बहुतेक चुका वाया जातात. पण एखादी चूक बाहेरच्या कवचावर नेमकी तिथे पडते, जिथे लसीनं शिकवलेली प्रतिपिंडं विषाणूला पकडतात, आणि पकड सैल होते. आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरलेल्या लसीतला 'ओ' १९७५ साली वेगळा केलेला आहे, तर 'ए' २००० सालचा. बाहेर फिरणारा विषाणू तेव्हापासून बदलत आला आहे. म्हणून लसीचं बियाणं त्याच्याशी अजून जुळतं का, हे पुन्हा पुन्हा तपासावं लागतं.

साथीचा माग काढायला याच चुका फार सुरेख उपयोगी पडतात. २००७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यात गुरांना लाळ्या झाला. अक्षरं वाचली, तर विषाणू निघाला १९६७ सालच्या एका जुन्या वाणाचा. चाळीस वर्षं गुरांमध्ये फिरत राहिला असता तर तो ओळखू येण्यापलीकडे बदलला असता, पण इथे बदल अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. म्हणजे तो इतकी वर्षं गोठवून ठेवलेला होता, प्रयोगशाळेत! काही किलोमीटरवर पिरब्राइटच्या प्रयोगशाळांत हा वाण हाताळला जात होता. चौकशीत संशयाची सुई तिथल्या गळक्या सांडपाण्याच्या नळांकडे वळली. साक्षीदार कुणी नव्हता. साक्ष दिली ती विषाणूनंच.

आपल्या उपखंडातल्या 'ओ'चं एक घराणं २००१ सालावरून 'इंड २००१' म्हणून ओळखलं जातं. २०१३ नंतर ते उत्तर आफ्रिकेत दिसलं, मग आग्नेय आशियात. १९८६ पासून लाळ्यामुक्त मानल्या गेलेल्या इंडोनेशियात २०२२ मध्ये साथ आली, तीही याच घराण्याची. इथल्या गोठ्यात काय फिरतंय, ही केवळ इथल्या गोठ्याची बाब राहत नाही.

२०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात गुरांना लाळ्याची मोफत लस मिळते आणि ती चुकवू नये. पण मला कळकळीनं सांगायचंय ते नमुन्याबद्दल. रोग ओळखीचा म्हणून आपण नमुना घेतच नाही. तुरटीच्या पाण्यानं तोंड धुतो, पोटॅशनं खूर धुतो आणि उतार पडायची वाट बघतो. हा विषाणू थोड्याशा आम्लातही टिकत नाही, आणि तुरटीचं पाणी आम्लच असतं, म्हणजे धुतल्यावर नमुनाही बिघडू शकतो. म्हणून उपचार करायचेच, पण त्याआधी डॉक्टरांना बोलवावं. ताज्या फोडाचं ग्रॅमभर सालपट ते ग्लिसरीन आणि बफरच्या (आम्लता वाढू न देणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत, बर्फावर ठेवून घेतात. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, आणि विषाणूचं घराणं वाचण्याचं काम भुवनेश्वरजवळच्या राष्ट्रीय लाळ्या खुरकूत संस्थेत चालतं. फोड फुटून दोन-चार दिवस गेले की जीभ भरून यायला लागते आणि घेण्यासारखं सालपट उरत नाही.