मायकेल बॉल्कन

बॉल्कन, सर मायकेल : (१९ मे १८९६ – १७ ऑक्टोबर १९७७). इंग्लिश चित्रपटनिर्माते आणि लंडनच्या ईलिंग स्टुडिओचे प्रमुख. त्यांचा जन्म बर्मिंगहॅममध्ये, पूर्व युरोपातून येऊन स्थायिक झालेल्या ज्यू कुटुंबात झाला. घरच्या ओढगस्तीमुळे १९१३ मध्ये शाळा सुटली. काही काळ त्यांनी जवाहिऱ्याकडे उमेदवारी केली. डोळा अधू असल्याने पहिल्या महायुद्धात सैन्यात प्रवेश मिळाला नाही, तेव्हा डनलॉप रबर कंपनीत नोकरी धरली. युद्ध संपल्यावर मित्र व्हिक्टर सॅव्हिल यांच्याबरोबर ते चित्रपटवितरणात उतरले आणि तिथून निर्मितीकडे वळले.

निर्माता म्हणजे पैसा घालणारा शेठ, अशी आपल्याकडची सर्वसाधारण समजूत. बॉल्कन यांचे खरे भांडवल म्हणजे माणसांची पारख. ‘वुमन टू वुमन’ (१९२३) या त्यांच्या पहिल्या महत्त्वाच्या चित्रपटावर पटकथा, कलादिग्दर्शन आणि सहायक दिग्दर्शन ही तिन्ही कामे अंगावर घेणारा एक तरुण होता : आल्फ्रेड हिचकॉक. १९२४ मध्ये बॉल्कन यांनी गेन्सबरो पिक्चर्स ही कंपनी काढली आणि या तरुणाला स्वतंत्र दिग्दर्शनासाठी म्युनिकच्या एमेल्का कंपनीत पाठवले. हिमांशू राय यांचा ‘प्रेम संन्यास’ (१९२५) याच एमेल्काच्या भागीदारीत झाला. त्याचे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन पुढे मुंबईत, मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये काम करू लागले.

हिचकॉक यांचा ‘द लॉजर’ वितरक सी. एम. वुल्फ यांना मुळीच पसंत पडला नाही आणि तो डब्यातच राहण्याची वेळ आली. बॉल्कन यांनी आयव्हर माँटेग्यू या तरुण जाणकाराला बोलावले. त्याने मूकपटातल्या मजकुराच्या पाट्या पुष्कळ कमी करवल्या, उरलेल्या चित्रकार मॅकनाइट कॉफर यांच्याकडून नव्याने रंगवून घेतल्या आणि काही दृश्ये पुन्हा चित्रित करायला सुचवले. १९२७ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने हिचकॉक यांचे नाव झाले. पुढे गोमाँ ब्रिटिश या चित्रपटकंपनीत बॉल्कन निर्मितीप्रमुख असताना, त्यांच्याच कारकिर्दीत हिचकॉक यांचा ‘द थर्टी नाइन स्टेप्स’ (१९३५) आला. रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा ‘मॅन ऑफ ॲरन’ (१९३४) हा माहितीपटही तिथलाच. त्यानंतर एमजीएम या हॉलिवूडच्या कंपनीच्या ब्रिटिश शाखेत काढलेला काळ मात्र कंपनीचे प्रमुख लुई बी. मेयर यांच्याशी न पटल्यामुळे अल्प आणि कटू ठरला.

१९३८ मध्ये ते ईलिंगला आले. इथे त्यांनी बाहेरून नावाजलेले दिग्दर्शक आणण्याऐवजी घरातलीच माणसे वर आणली. चार्ल्स क्रिक्टन, रॉबर्ट हेमर आणि चार्ल्स फ्रेंड हे संकलनाच्या टेबलावरून दिग्दर्शनाकडे आले. अलेक्झांडर मॅकेंड्रिक पटकथा लिहीत, दृश्यांची रेखाटने करीत. नवे विषय एका गोल टेबलाभोवती सर्वांनी मिळून चर्चेला घ्यायचे, अशी पद्धत होती.

‘व्हिस्की गलोर’ हा चित्रपट घरच्या माणसांवरच्या या विश्वासाचे उत्तम उदाहरण. स्टुडिओत जागा नव्हती, म्हणून सगळा संच स्कॉटलंडच्या ‘बारा’ (Barra) नावाच्या बेटावर गेला. मॅकेंड्रिक यांचा हा पहिलाच चित्रपट. निर्मितीची सूत्रे होती मोन्जा डॅनिशेव्स्की यांच्याकडे, आणि ते तोवर स्टुडिओचे प्रसिद्धीप्रमुख होते. पावसाने वेळापत्रक कोलमडले. पहिले संकलन बॉल्कन यांना रुचले नाही, तेव्हा क्रिक्टन यांनी त्यावर पुन्हा हात फिरवला. १९४९ मध्ये हा चित्रपट, ‘पासपोर्ट टू पिम्लिको’ आणि ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ असे तीन विनोदी चित्रपट ईलिंगमधून पाठोपाठ आले. युद्ध जिंकूनही रेशनकार्डावर जगणाऱ्या प्रेक्षकांना सरकारी नियम झुगारणारी गल्लीबोळातली माणसे पडद्यावर आपलीशी वाटली. त्यानंतरच्या ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ला (१९५१) कथा-पटकथेचे ऑस्कर मिळाले. ‘द लेडीकिलर्स’ (१९५५) हा त्या परंपरेतला शेवटचा मोठा चित्रपट.

बॉल्कन यांच्या मर्यादाही ठळक होत्या. लैंगिकता आणि क्रौर्य यांबाबत ते फार सोवळे होते, आणि हेमर यांच्यासारख्या काळोख्या वृत्तीच्या दिग्दर्शकाची त्यात घुसमट झाली. १९४० मध्ये त्यांनी हॉलिवूडमध्ये राहिलेल्या ब्रिटिश चित्रपटकर्मींवर वृत्तपत्रातून जाहीर टीका केली. त्यात रोख हिचकॉक यांच्यावरही होता. हिचकॉक युद्धापूर्वीच अमेरिकेला गेले होते, त्यामुळे हा वार अन्यायाचाच म्हणावा लागेल.

१९४८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९५५ मध्ये ईलिंगची वास्तू बीबीसीने विकत घेतली. ब्रिटन आणि ब्रिटिश स्वभाव दाखवणारे चित्रपट इथे पाव शतक तयार होत होते, अशा आशयाची पाटी बॉल्कन यांनी तिथे लावली. १९५९ मध्ये स्वतंत्र निर्मात्यांच्या ब्रायनस्टन कंपनीचे ते अध्यक्ष झाले. ‘सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग’ (१९६०) तिच्यामार्फतच पडद्यावर आला. कामगारवस्तीतल्या तरुणाचे बेधडक आयुष्य दाखवणारा हा चित्रपट ईलिंगच्या चौकटीत कधीच बसला नसता.

१९२४ मध्ये त्यांचा आयलीन लेदरमन यांच्याशी विवाह झाला. त्यांची कन्या जिल बॉल्कन अभिनेत्री होती, तर अभिनेते डॅनिएल डे-लुईस हे त्यांचे नातू. ब्रिटिश चित्रपटसृष्टीतील भरीव योगदानासाठी बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट अकादमीतर्फे १९७९ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जाऊ लागला.