शेकोटी वेगळी, चूल वेगळी

३१ डिसेंबर जवळ आला की नागाव-काशीदपासून पार तारकर्ली-भोगव्यापर्यंत किनाऱ्याकाठी तंबू उभे राहतात, आणि दर वर्षी तोच घोळ दिसतो. अंधार पडला की मोठी आग पेटते, सगळे भोवती गोळा होतात आणि कुणीतरी सळीला लावलेलं चिकन त्याच आगीत धरतं. दहा मिनिटांत वरून कोळसा, आतून कच्चं. मग दोष मसाल्याला, लाकडाला, वाऱ्याला, कोंबडी विकणाऱ्याला. खरा घोळ एवढाच असतो की शेकोटीवर रांधायला घेतलेलं असतं. शेकोटी ही बसायची आग, चूल ही रांधायची. दोन्हींना लाकूड लागतं, दोन्हींचा धूर डोळ्यांत जातो. साम्य तिथेच संपतं.

शेकोटी कशी लावायची हे सांगत बसत नाही, ते सगळ्यांना येतं. फक्त दोन गोष्टी. किनाऱ्यावर घाटमाथ्यासारखी थंडी नसते, त्यामुळे पुरुषभर उंच जाळाची गरजच नाही. गुडघ्याएवढी आग आठ-दहा माणसांना पुरते. आणि तिच्यात प्लास्टिकच्या ताटल्या, बाटल्या, वेफर्सची पाकिटं टाकायची नाहीत. सोबत लहान मुलं बसलेली असतात आणि तो धूर तीही ओढत असतात. हे दर वर्षी सांगावं लागतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चुलीची मांडणीही साधी: तीन दगड, मधे आग, एका बाजूला लाकूड सारायला तोंड. जांभ्याचे कोरडे तुकडे सगळ्यात चांगले. ओहोळातून किंवा पाण्याच्या कडेने उचललेले ओले, गुळगुळीत धोंडे घेऊ नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि दगड फुटून कपच्या उडतात. दगडांमधलं अंतर तुमच्या पातेल्याच्या बुडाएवढं ठेवा. झाली चूल.

आता जिथे बहुतेकांची गाडी अडते तिथे येऊ. शेकोटी आणि चूल यांच्यातला फरक दगडांचा नाही. तीन दगड मांडून आत भडाभडा लाकडं पेटवली आणि त्यावर मासा धरला, तरी मासा जळणारच. फरक आहे जाळ आणि निखारा यांतला.

लाकूड तापतं तेव्हा आधी त्यातलं पाणी उडून जातं. ओल्या लाकडाचा पांढरा, डोळे झोंबवणारा धूर असतो तो याच टप्प्यावर. मग लाकडातून पेटणारे वायू बाहेर पडायला लागतात. ते वायू हवेत जळतात, तो जाळ. त्याचा पिवळा रंग म्हणजे त्यात तापून उजळलेले काजळीचे बारीक कण. वायू निघून गेले की मागे उरतो कोळसा. तो स्वतः सावकाश, जवळजवळ बिनधुराचा जळतो, तो निखारा. म्हणजे जाळ आणि निखारा ही एकाच लाकडाच्या आयुष्यातली दोन वयं आहेत, आणि त्यांच्याकडून एकच काम करून घेता येत नाही.

जाळ हलतो. वाऱ्याने इकडे झुकतो, तिकडे झुकतो, त्यामुळे एका जागी करपतं आणि शेजारी कच्चं राहतं. शिवाय तो आपली काजळी अन्नावर बसवतो; ‘स्मोकी फ्लेवर’ म्हणून कौतुकाने खाल्ली जाते ती पुष्कळदा नुसती काजळी असते. निखारा जागचा हलत नाही. त्याची आच खालून सारखी लागत राहते, आत शिरायला वेळ देते आणि हळूहळूच उतरते.

म्हणून नियम एकच: अन्न आणि आग यांच्यामध्ये भांडं असेल तर जाळ चालतो, अन्न उघडं असेल तर निखाराच हवा. भात, कुळथाची पिठी, चहा, कालवण हे सगळं जाळावर होतं, कारण काजळी पातेल्याचं बूड झेलतं आणि आतलं पाणी आच सगळीकडे पसरवतं. बांगडा, चिकन, रताळं, भाकरीचा शेवटचा शेक हे सगळं निखाऱ्याचं काम. हे एवढं पक्कं झालं तर बाकीचं आपोआप जमतं.

बांगड्याचं उदाहरण घ्या. साफ केलेल्या बांगड्याला दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा, मीठ, हळद, मसाला, थोडं आगळ (कोकमाचा खारवलेला रस). निखारे पसरून त्यांच्यावर राखेची पातळ साय धरू द्यायची. मग वीतभर उंचीवर तळहात धरून बघायचा. दोन मोजेपर्यंत हात मागे घ्यावा लागला तर आच फार आहे, थांबा. चार-पाच मोजता आले तर जाळी ठेवा. बांगडा तेलाचा मासा. तेल ठिबकलं की निखाऱ्यातून मधेच जाळ उठतो. तेव्हा पाणी मारायचं नाही, राख उडून माशावर बसते. जाळी जरा बाजूला सरकवायची. आणि घाईने उलटायचा नाही. कातडी नीट शेकली नसेल तोवर ती जाळीला धरून राहते, ओढलीत तर सालपट निघतं. शेकली की स्वतःहून सुटते. तोवर हात आवरा.

तांदळाच्या भाकरीला दोन्ही लागतात, म्हणून ती चुलीवरची खरी परीक्षा. तव्यावर जाळ, कारण तवा मधे आहे. वरचं पाणी सुकलं की उलटायची, दुसरी बाजू होऊ द्यायची, आणि मग तवा उतरवून चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांसमोर ती उभी टेकवायची. निखारा चांगला असेल तर टम्म फुगते. जाळासमोर टेकवलीत तर फुगायच्या आधी कड काळी पडते.

वेळेचा घोळ याच्यातूनच होतो. निखारा मागून मिळत नाही, तो तयार व्हावा लागतो. जाड लाकडाला चांगला तासभर द्या. आठला जेवायचं असेल तर साडेसहाच्या आत चूल पेटलेली हवी. त्या पहिल्या तासातला जाळ फुकट घालवू नका: त्याच्यावर भात उकडून घ्या, चहा करा. सगळे भुकेले झाल्यावर आग पेटवायची आणि मग भडका व्हावा म्हणून वर रॉकेल किंवा पेट्रोल ओतायचं, हा प्रकार मला अजिबात खपत नाही. पेट्रोलचा भडका ओतणाऱ्याच्या हातापर्यंत येतो, आणि निखारा व्हायला लागायचा तेवढा वेळ लागतोच.

लाकूडही बघून घ्यावं लागतं. सुरू, बाभूळ, ऐन यांचा निखारा टिकतो. झावळ्या, पेंढा, सुरूची वाळकी पानं भुर्रकन पेटतात आणि मागे नुसती राख उरते, पेटवणापुरतीच ठीक. करवंट्या मात्र कोकणातलं सोनं आहे: वाडीत ढिगाने पडलेल्या असतात, निखारा कडक होतो आणि धूर कमी. नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) धुमसत राहतात, धूर करतात. शेकोटीत टाका, चुलीत नको. भरतीबरोबर वाहून आलेलं ओंडकं-लाकूड रांधायला कधीही वापरू नका. समुद्राच्या पाण्यातलं मीठ त्यात मुरलेलं असतं आणि त्या मिठातल्या क्लोरीनमुळे जळताना विषारी संयुगं तयार होतात. कुठल्या होडीची फळी असेल तर तिच्यावर रंग असतो, तो वेगळाच.

एकच आग करायची परवानगी असेल, किंवा लाकूडच तेवढं असेल, तरी मार्ग आहे. शेकोटी थोडी लांबट रचा. एका टोकाला लाकूड घालत राहा, तिथे माणसं बसतील. दुसऱ्या टोकाला काठीने निखारे ओढून घ्या आणि दोन दगडांत पसरा, तिथे जाळी लागेल. एकाच आगीचं अंग शेकोटी, शेपूट चूल. फक्त शेपटाकडे कुणी हौसेने नवीन लाकूड टाकणार नाही याची राखण करायला एक माणूस हवा.

आता कुणी म्हणेल, मग पोपटीचं, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचं काय? ती तर जाळातच करतात. बरोबर, आणि ती वरचा नियम मोडत नाही. अलिबाग, पेण, रोह्याकडे वालाच्या शेंगा भरायला लागल्या की पोपटी लागते. वर्षअखेरीपासून पुढे थंडी सरेपर्यंत तिचे दिवस. मडक्याच्या बुडाला भांबुर्ड्याचा (रानात उगवणाऱ्या एका वासाच्या झुडपाचा) पाला, त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, हवं तर मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, जाडं मीठ, ओवा. तोंडाशी पुन्हा भांबुर्डा गच्च कोंबायचा. मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, पालापाचोळा, काटक्या पेटवायच्या. थेंबभर पाणी नाही, तेल नाही. शेंगांचा आणि पाल्याचा स्वतःचा ओलावा आत वाफ धरतो. मधे मडकं आहे, म्हणून जाळ चालतो. चालतो काय, हवाच असतो, कारण मडक्याला सगळ्या अंगाने आच लागायला हवी आणि ती खालच्या निखाऱ्याने लागत नाही. साधारण अर्ध्या-पाऊण तासाचा खेळ. हल्ली मडक्याऐवजी पत्र्याचा डबा घेतात. होते त्यातही, पण पत्रा एकदम तापतो आणि कडेच्या शेंगा करपतात. माझं मत विचाराल तर मडकंच, आणि भांबुर्डा नसेल तर पोपटी करूच नये. त्याच्या वासाशिवाय त्या नुसत्या भाजलेल्या शेंगा.

जेवणाचा बेत साधा ठेवावा असंच मी म्हणेन. आदल्या रात्री मॅरिनेट केलेलं पाच किलो चिकन थर्माकोलच्या खोक्यात घेऊन येण्यापेक्षा कुळथाचं पीठ, तांदूळ, लसूण, मिरच्या, आमसुलं आणि सुके बांगडे घेऊन या. काहीच नासत नाही. पिठी पाचेक मिनिटांत उकळते, सुका बांगडा निखाऱ्यावर टाकला की वास सगळ्या तंबूंत जातो. जे ताजं हवं ते जवळच्या बंदरावर सकाळी घ्या.

वाऱ्याकडे दोन्ही आगींसाठी लक्ष हवं. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे, हे शाळेत सगळे शिकलोय. तंबू ठोकताना मात्र कुणाला आठवत नाही. सहा वाजता धूर गावाकडे जातो म्हणून तंबू पाण्याच्या अंगाला मांडले, तर मध्यरात्री ठिणग्या थेट तंबूच्या कापडावर. आग आणि तंबू समुद्राच्या रेषेत मागे-पुढे नको, किनाऱ्याला समांतर, चांगलं अंतर ठेवून शेजारी-शेजारी असावेत. सुरूच्या बनात तर आग नकोच. खाली वाळक्या पानांची गादी असते, एक ठिणगी पुरते.

वेळास, आंजर्ले अशा ठिकाणी उघड्या पुळणीवर कुठलीच आग नको, शेकोटी नाही आणि चूलही नाही. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ, आणि ३१ डिसेंबर त्याच्या ऐन मधे येतो. मादी रात्री अंडी घालायला वर येते. उजेड आणि गोंगाट दिसला की अंडी न घालता मागे फिरू शकते. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, म्हणजे समुद्र सोडून आगीकडे. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवं वाचवण्याचं काम उभं केलं. अशा गावात गेलात तर ज्याच्या घरी उतरलात त्याच्या परसातली चूल मागा. कुणी नाही म्हणत नाही.

शेवटी विझवणं, कारण इथे पुन्हा जाळ आणि निखारा यांचीच गल्लत होते. जाळ गेला म्हणजे आग गेली असं समजून लोक वरून वाळू लोटतात आणि झोपायला जातात. वाळूखाली निखारा तासन्‌तास धगधगत राहतो. वाळूने उष्णता धरून ठेवलेली असते आणि वरून काहीच दिसत नाही. १ जानेवारीला सकाळी अनवाणी धावणाऱ्या मुलांचे पाय त्यात भाजतात. वाळू लोटू नका. निखारे पसरा, समुद्राचं बादलीभर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. चर्र आवाज बंद झाला की हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा. ऊब लागली तर अजून एक बादली. दगडांवरही पाणी ओता, पण लांब उभं राहून. आणि रात्री गारठा वाटला तरी निखारे घमेल्यात घालून तंबूत न्यायचे नाहीत, एकही नाही. बिनधुराचा निखारा म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद तंबूत झोपेतच माणूस जातो. एक चादर जास्त आणा.

विझलेले कोळसे सकाळी वेचून पिशवीत भरा.