स्पार्क प्लग : उच्च क्षमतेच्या इंजिनासाठी निवड आणि गॅप

स्पार्क प्लग (ठिणगी-गुडदी) हा पेट्रोल इंजिनात दाबलेले मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटवणारा भाग. मूळ आराखड्यापेक्षा जास्त शक्ती काढलेल्या इंजिनात त्याचा उष्णतांक (हीट रेंज, म्हणजे प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर देतो त्याचा आकडा) आणि इलेक्ट्रोडमधील फट (गॅप) या दोन गोष्टी नव्याने ठरवाव्या लागतात. उष्णतांक इंजिनावरील भार पाहून निवडतात. फट सिलिंडरमधील दाब आणि ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणाऱ्या कॉइलची ताकद पाहून ठरते.

उगम : शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. एदमों बर्जे यांनी १८३९ च्या सुमारास असा प्लग केल्याचे सांगितले जाते, पण त्यांचे पेटंट आढळत नाही. एत्येन लेन्वार यांच्या १८६० च्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी निश्चितपणे वापरली होती. १८९८ मध्ये निकोला टेस्ला, फ्रेडरिक सिम्स व रॉबर्ट बॉश या तिघांच्याही नावे पेटंटे नोंदली गेली. तरीही व्यवहारात टिकणारा प्लग १९०२ चाच मानणे अधिक योग्य दिसते. बॉश कंपनीतील गॉटलोब होनोल्ड यांनी तो उच्च व्होल्टेजच्या मॅग्नेटोसह (इंजिनाच्या फिरण्यातून वीज बनवणारे यंत्र) तयार केला, कारण भरवशाच्या विद्युत्‌स्रोताशिवाय नुसता प्लग निरुपयोगी होता. विमानांच्या व शर्यतींच्या प्लगांत पूर्वी अभ्रकाचे विसंवाहक (वीज अडवणारे भाग) असत. पुढे ॲल्युमिना चिनीमातीने त्यांची जागा घेतली. भारतात बंगळूरच्या मायको कंपनीमुळे (स्थापना १९५१) ‘मायको प्लग’ हा शब्द गॅरेजमध्ये रुळला.

उष्णतांक : ‘गरम’ प्लगची ठिणगी जास्त गरम असते, हा समज चुकीचा आहे. विसंवाहकाचे नाक लांब असले की उष्णता आटे व वॉशरमार्गे हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) सावकाश उतरते, म्हणून तो प्लग गरम. नाक आखूड असले तर थंड. टोकाचे तापमान साधारण ५०० अंश सेल्सियसच्या वर असले की काजळी आपोआप जळते. ते ८५० च्या पलीकडे गेले की ठिणगीआधीच मिश्रण पेटू लागते आणि पिस्टनला भोक पडू शकते. उत्पादकांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एनजीके व डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉश व चॅम्पियनमध्ये नेमके उलटे. एनजीकेचा ७ हा डेन्सोच्या २२ च्या जवळपास येतो. शक्ती ७५ ते १०० अश्वशक्तीने वाढली की एक पायरी थंड प्लग, असा ढोबळ नियम आहे. शंका असल्यास थंड बाजूला झुकावे : प्लग काळा पडला तर बदलता येतो, पिस्टन वितळला तर इंजिन खोलावे लागते. मात्र पातळ (लीन, इंधन कमी असलेले) मिश्रण किंवा फार पुढे घेतलेले टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) थंड प्लगने दुरुस्त होत नाही.

फट : दोन इलेक्ट्रोडमधील वायू भेदायला लागणारे व्होल्टेज दाब व अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, हे फ्रीडरिख पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवले. टर्बोचे (हवा दाबून सिलिंडरमध्ये भरणाऱ्या पंख्याचे) बूस्ट, म्हणजे त्या हवेचा दाब, वाढले की तीच फट ओलांडायला कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावे लागते. ते पुरले नाही तर पूर्ण थ्रॉटलवर गाडी मिसिंग मारते (मधूनमधून मिश्रण पेटतच नाही), आयडलिंगला मात्र सुरळीत चालते. याला ‘ठिणगी विझली’ म्हणतात, पण बहुतेक वेळा ती पडलेलीच नसते. निसानच्या २.६ लिटर, दोन टर्बोंच्या आरबी२६ इंजिनाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यात मूळचा प्लग पीएफआर६ए-११. शेवटचे ११ म्हणजे १.१ मिमी फट. बूस्ट वाढवल्यावर बहुधा बीसीपीआर७ईएस बसवतात. बीसी म्हणजे १४ मिमी आटे व १६ मिमी षट्‌कोन, पी बाहेर आलेले नाक, आर रेझिस्टर, ७ उष्णतांक, ई म्हणजे १९ मिमी आट्यांची लांबी आणि एस साधा इलेक्ट्रोड. शेवटी आकडा नसल्याने फट ०.८ मिमी. तरीही मिसिंग राहिले तर ०.०५ मिमीने कमी करत जावे, पण आधी कॉइल तपासावी. फट गरजेपेक्षा कमी केली की ठिणगी लहान पडून आयडलिंग बिघडते. म्हणून मिसिंग न होता चालेल तेवढी मोठी फट हीच योग्य.

‘कॉपर’ प्लगमध्ये तांबे फक्त गाभ्यात असते. ठिणगी झेलणारा भाग निकेल मिश्रधातूचा असतो आणि तो लवकर झिजतो. इरिडियमची तार ०.४ ते ०.६ मिमी जाडीची असल्याने कमी व्होल्टेजवर ठिणगी पडते, पण ती ठिसूळ असते. तिच्यावर गेज (फट मोजायचे साधन) टेकवून जोर देऊ नये.

मोजणी तारेच्या गेजने करावी. वापरलेल्या प्लगच्या पट्टीत (बाहेरच्या इलेक्ट्रोडमध्ये) खळगा पडतो, चपटे पाते त्यावरून जाते आणि फट असते त्यापेक्षा कमी दाखवते. फट वाढवताना फक्त बाहेरची पट्टी वाकवावी, मधला इलेक्ट्रोड टेकू म्हणून वापरू नये. कमी करताना पट्टी लाकडावर हलकेच टेकवावी. ०.२ मिमीपेक्षा जास्त बदल लागत असेल तर दुसरा प्लग घ्यावा, कारण पट्टी तिरकी होऊन ठिणगी कडेला पडू लागते.

बसवणी : इंजिन गार असावे. ॲल्युमिनियम हेडमध्ये १४ मिमी प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर. टॉर्क पान्हा नसेल तर नवा प्लग हाताने टेकवून पुढे अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. आट्यांना वंगण लावल्यास त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो आणि हेडचे आटे जातात. ढिला प्लग वॉशरमार्गे उष्णता देऊ शकत नाही, त्यामुळे योग्य उष्णतांक असूनही तापतो.

प्लग वाचताना फिका तपकिरी रंग ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे जाड (इंधन जास्त असलेले) मिश्रण किंवा फार थंड प्लग. पांढऱ्या नाकावर ॲल्युमिनियमचे चमकदार कण दिसले तर पिस्टन झिजू लागला आहे. अशा वेळी गाडी पुढे चालवू नये. फट बदलण्याआधी टायमिंग व इंधन तपासावे.