ग्रीक आग वेगळी, बंदुकीची दारू वेगळी

तोफेच्या जन्माचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "पण बायझंटाइनांकडे ग्रीक आग त्याआधीच होती की!" होती ना. पण ती तोफेची आजी नव्हे, लांबची मावशीही नव्हे.

ग्रीक आगीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. इ. स. ६७२च्या सुमारास सीरियातून आलेला वास्तुकार कॅलिनिकोस, बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, अरबांच्या जहाजांवर नळीतून फवारलेला पेटता द्रव. आणि ती पाण्यावरही जळायची!

या शेवटच्या वाक्यावरच लोक फसतात. अहो, पाण्यावर रॉकेलही जळतं. तेल तरंगतं, वर हवा असते, म्हणून जळतं. वाळू टाकून हवा तोडली की विझतं.

बंदुकीच्या दारूचा जीव सोऱ्यात, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट या क्षारात आहे. नुसते गंधक आणि कोळसा कुटून पेटवले तर धुमसत बसतात. सोरा मात्र तापला की स्वतःतला प्राणवायू सोडतो, त्यामुळे या दारूला बाहेरची हवा लागतच नाही. दिवाळीतला भुईनळा आठवा. कुंडीत मसाला गच्च ठासलेला, हवा शिरायला जागा नाही, तरी ठिणग्यांचं झाड सरसरून वर येतं. बंद नळीत जळते म्हणून वायू कोंडतो, आणि कोंडलेला वायू गोळा ढकलतो. तेलाच्या आगीतून तोफ निघणं शक्यच नव्हतं.

चिनी लोक याच वाटेने गेले. १०४४च्या 'वूजिंग झोंगयाओ' या युद्धग्रंथात दारूच्या कृती आहेत. ११३२मध्ये दआनच्या वेढ्यात बांबूचे अग्निभाले वापरले. भाल्याच्या टोकाला भुईनळा, असंच समजा. १२५९मध्ये बांबूच्या नळीतून गोळी उडू लागली. पुढे नळी धातूची झाली. चीनवर राज्य करणाऱ्या मंगोलांच्या उन्हाळी राजधानीत, शांगदूला, सापडलेल्या काशाच्या तोफेवर १२९८ साल कोरलेलं आहे.

घोळाचं मोठं मूळ 'नफ्त' या अरबी शब्दात आहे. आधी त्याचा अर्थ खनिज तेल. चौदाव्या शतकात इजिप्तच्या मामलूक सुलतानांकडे तोच शब्द बंदुकीच्या दारूला लागला. भाषांतरकार दोन्हीकडे बिनदिक्कत 'ग्रीक आग' लिहून मोकळे होतात, याचा मला मनापासून राग येतो. सोऱ्याला अरब 'चिनी बर्फ' म्हणत आणि इराणी 'चिनी मीठ'. जुन्या वृत्तांतात 'नफ्त' दिसलं, की आधी आसपास हे मीठ आहे का ते बघा.