कॉलममधली 'प्लेट' आली कुठून?

बारीक कण भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, मिश्रण वाहवत त्यातले घटक वेगळे करायचे, ही क्रोमॅटोग्राफी. तिच्यातले वनस्पतींतली रंगद्रव्ये खडूच्या भुकटीवर वेगळी करण्याचे काम १९०३ च्या सुमाराचे. विश्लेषकाला रोज छळणारा शब्द मात्र १९४१ चा: थिऑरेटिकल प्लेट, म्हणजे कॉलमची कार्यक्षमता मोजायचा काल्पनिक टप्पा; प्लेट्स जितक्या जास्त, तितका कॉलम चांगला. तो उसना घेतला ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यातून. तिथे खरोखरीची तबके असतात आणि प्रत्येकावर बाष्प व द्रव समतोलाच्या जवळ येतात. क्रोमॅटोग्राफीच्या कॉलममध्ये तबक नाही, आणि मोबाइल फेज (घटकांना पुढे नेणारा द्रावक) वाहती असल्याने पुरा समतोलही नाही. पीक, म्हणजे आलेखावर एकेका घटकाचा उमटणारा उंचवटा, का पसरते, याची कारणे १९५६ च्या समीकरणाने वेगळी मांडली: कणांमधल्या वेड्यावाकड्या वाटा, लांबीच्या दिशेने होणारे विसरण, वाहती आणि स्थिर अशा दोन फेजांमधली संथ देवाणघेवाण. तेव्हाच प्लेट निवृत्त व्हायला हवी होती. पण सोयीचा आकडा कोण सोडतो?

खरा घोळ मोजण्यात आहे. समजा, धारणकाळ (नमुना सोडल्यापासून पीकच्या शिखरापर्यंतचा वेळ) ६.०० मिनिटे आणि अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.१२ मिनिट. ५.५४ च्या सूत्राने, म्हणजे ५.५४ × (धारणकाळ ÷ रुंदी)², सुमारे १३,८५० प्लेट्स येतात. त्याच पीकला शेपूट असेल आणि दहा टक्के उंचीवरची रुंदी ०.२७ मिनिट भरली, तर १८.४ च्या सूत्राने जेमतेम ९,१००. कॉलम तोच, इंजेक्शनही तेच! पूर्वी पीकच्या दोन्ही बाजूंना स्पर्शरेषा काढून पायथ्याच्या रुंदीला १६ चे सूत्र लावत; रेषा हाताने काढायची, त्यामुळे माणसागणिक आकडा बदलायचा. औषधसंहितांच्या (औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथांच्या) सुसूत्रीकरणात २०२२ च्या अखेरीस अर्ध्या उंचीची पद्धत सर्वत्र आली. संगणकाला ती सोपी आणि पुनरावृत्तीला चांगली, पण शेपटाकडे तिचे लक्षच नाही. म्हणून टेलिंग फॅक्टरशिवाय (शेपटाच्या मापाशिवाय) दिलेला प्लेटचा आकडा अर्धवटच म्हणायचा.

ग्रेडियंटमध्ये, म्हणजे द्रावकाची तीव्रता वाढवत नेताना, तर हे सूत्र लावूच नये. पीकच्या मागच्या भागाला पुढच्यापेक्षा तीव्र द्रावक मिळतो, पीक आवळते आणि प्लेट्स खोट्याच वाढतात.

कॉलममध्ये भरायचे दोन मायक्रॉनच्या आतले कण २००४ पासून बाजारात रुळले, तशी आणखी एक अडचण पुढे आली. पीकचे आकारमान काही मायक्रोलिटरवर उतरल्यावर जाड नळी, सैल बसलेले फिटिंग किंवा मोठा डिटेक्टर सेलही प्लेट्स खातो. सुरुवातीची पीक्स रुंद आणि उशिराची ठीक असतील, तर दोष कॉलमबाहेर शोधावा. सगळीच सारखी दुभंगली, तर कॉलमच्या तोंडाशी पोकळी पडली आहे किंवा फ्रिट (कण अडवणारी सच्छिद्र चकती) तुंबली आहे.