मल्टिमीटर आणि ऑडिओ प्रोब: व्होल्टेज बरोबर, तरी पेडल मुकं

घरी बनवलेलं ओव्हरड्राइव्ह (गिटारचा आवाज मुद्दाम थोडा फाडणारं पेडल) घेऊन कुणी आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सगळे व्होल्टेज बरोबर आहेत, पण आवाज नाही. आयसी (चिप) उडाली असणार." मग आयसी बदलली जाते. दुसरीही 'उडालेली' निघते. तिसरी लावताना सोल्डरिंग आयर्नच्या तापाने बोर्डावरची तांब्याची पट्टी सुटून वर येते आणि आता मात्र खरंच काहीतरी बिघडलेलं असतं. सॉकेट न लावता आयसी थेट बोर्डावर सोल्डर करणाऱ्यांबद्दल मला वेगळं बोलायचं आहे, पण ते पुन्हा कधीतरी.

मल्टिमीटर तुम्हाला येतो, तो शिकवत बसत नाही. डीसीची २० व्होल्टची रेंज, काळी प्रोब ग्राउंडला. टीएल०७२ किंवा ४५५८ या आयसीवरचं नेहमीचं ओव्हरड्राइव्ह असेल तर पिन ८ वर ९ च्या आसपास, पिन ४ वर शून्य, उरलेल्या सहा पिनांवर साडेचारच्या आगेमागे. झालं.

ऑडिओ प्रोब, म्हणजे सिग्नल सर्किटमध्ये कुठपर्यंत पोहोचतो ते कानाने ऐकायची तार, कुठे विकत आणायची गरज नाही. अ‍ॅम्पला जाणाऱ्या केबलचं मोकळं टोक कापा, मधल्या तारेला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर जोडा, बाहेरच्या जाळीला क्रोकोडाइल क्लिप. क्लिप पेडलच्या ग्राउंडला आणि कपॅसिटरचा मोकळा पाय हीच तुमची प्रोब. कपॅसिटर गाळायचा नाही, नाहीतर डीसी थेट अ‍ॅम्पमध्ये शिरतो. अ‍ॅम्पचा आवाज अगदी बारीक ठेवा. हे फक्त ९ व्होल्टच्या पेडलसाठी, व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या पोटात ही प्रोब घालायची नाही, तिथे शेकडो व्होल्ट असतात. पेडलच्या इनपुटला फोनवरून तबल्याचा लूप सोडा. मी एकदा तानपुऱ्याचं अ‍ॅप लावलं होतं. त्याचा नाद कुठला आणि वायरिंगची ५० हर्ट्झची घुरघुर कुठली, हेच कळेना.

आता खरी गल्लत. मीटरवर दिसणारे साडेचार व्होल्ट म्हणजे ती स्टेज (सर्किटचा तो टप्पा) कामाला उभी आहे, एवढंच. गिटारचा सिग्नल त्या साडेचारच्या वरखाली हलणारी बारीकशी लाट आहे, साधारण १०० मिलिव्होल्टची. मीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे तुम्ही वाजवा किंवा हात जोडून बसा, आकडा तोच. "मग एसीवर लावून बघू" म्हणाल, तर स्वस्त पिवळ्या मीटरची एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्टची असते. तिथला शेवटचा आकडाच ०.१ व्होल्टचा, म्हणजे अख्खी गिटार त्या एका आकड्यात लपते.

त्यात दोन स्टेजच्या मधला किंवा आउटपुटचा कपॅसिटर घ्या. डाव्या पायावर ४.५, उजव्या पायावर ०. सर्किटच्या नकाशाप्रमाणे हे अगदी बरोबर, कारण डीसी अडवायलाच तो तिथे बसवलाय. आता तोच कपॅसिटर उपटून काढा आणि परत मोजा: ४.५ आणि ०. कपॅसिटर असला काय, नसला काय, मीटरच्या लेखी सगळं ठीक. प्रोब डाव्या पायाला लावली की तबला ऐकू येतो, उजव्याला लावली की येत नाही. संपला शोध.

माझ्याच एका पेडलचा आवाज डासासारखा यायचा, बारीक आणि लांबून. दोन संध्याकाळी मीटर घेऊन बसलो. प्रोब फिरवली तर आउटपुटच्या कपॅसिटरपर्यंत तबला दणदणीत आणि पलीकडच्या पायावर फक्त चाटेची किणकिण. भिंग लावून पाहिलं: १०४ च्या जागी १०१. १०० नॅनोऐवजी १०० पिको. पुढे १०० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट (आवाजाचा नॉब), म्हणजे साधारण १६ हर्ट्झपासून पुढचं सगळं जायला हवं होतं, तिथे १६ हजार हर्ट्झच्या खालचं सगळं दबत होतं. चूक माझ्याच डब्यातली, सगळे कपॅसिटर एकत्र टाकायची सवय.

प्रोब गप्प झाली तरी ती कशी गप्प झाली ते ऐका. टेकवताच घुर्र वाढली तर तो बिंदू अधांतरी आहे: ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा), तुटलेली वायर, अर्धवट कापलेली पट्टी. टेकवताच स्मशानशांतता झाली तर तो कुठेतरी ग्राउंडला चिकटलाय, बहुतेक वेळा सोल्डरचा एखादा थेंब शेजारच्या पट्टीवर सांडलेला असतो. आणि ड्राय सोल्डर शोधायला मीटरची कंटिन्युइटीची 'पीं' (जोड सलग असला की वाजणारी) वापरू नका. प्रोबचं टोक दाबलं की सुटलेला पाय दाबाखाली टेकतो, पीं वाजते, हात काढला की परत सुटतो.

मीटर फेकून द्यायला मात्र मी सांगत नाहीये. आवाज येतोय पण फाटका, सूर मधेच तुटल्यासारखे, तर प्रोब तुम्हाला फक्त "फाटलंय" इतकंच सांगेल. तिथे मीटर. फझच्या (ट्रान्झिस्टरवरचं, जास्तच फाटक्या आवाजाचं पेडल) दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचारच्या आसपास हवं. ८.८ दिसलं तर तो बंद पडलाय, ०.२ दिसलं तर पूर्ण उघडून बसलाय. अशा वेळी आधी ट्रान्झिस्टरचे पाय तपासा. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात आणि २एन३९०४ चे बरोबर उलटे.

एवढं करूनही मीटर एका जागी खोटं बोलतो. इनपुटच्या बफरला (सिग्नल जसाच्या तसा पुढे देणारी पहिली स्टेज) आयसीच्या पिन ३ वर १ मेगओहममधून साडेचार दिलेले असतात. स्वस्त मीटर स्वतःच १ मेगओहमचा. तो लावला की व्होल्टेज निम्मं वाटलं जातं आणि २.२५ दिसतं. लोक रेझिस्टर बदलत सुटतात. पिन ३ सोडा, पिन १ वर मोजा, तिथे साडेचार सापडतील.