शहाबादी, कडाप्पा आणि धुण्याची सवय

नवं घर घेतलं की टाइल्सच्या दुकानात किंवा मॉड्युलर किचनच्या शोरूममध्ये एक संवाद हमखास ऐकू येतो. विक्रेता सांगतो, ‘मॅडम, एकदम सोपं आहे, ओल्या फडक्यानं पुसलं की झालं.’ आणि समोरची बाई विचारते, ‘पाणी टाकून धुतलं तर चालेल ना?’ पुसणं आणि धुणं यांतल्या या फरकात आपल्या स्वयंपाकघराचा आणि न्हाणीघराचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास सामावलेला आहे. कोणता दगड आला, कोणती फरशी टिकली, बाहेरून आलेल्या कोणत्या वस्तूला इथं येऊन रूप बदलावं लागलं, या सगळ्यामागे हाच प्रश्न होता.

गंमत अशी, की जुन्या घरात स्वयंपाकघर धुतलं जात नव्हतंच. जमीन मातीची, चोपण्यानं बडवून घट्ट केलेली, वरून शेणानं सारवलेली. अशा जमिनीवर बादली ओतली तर चिखलच व्हायचा. चूलही मातीची, शेजारी वैल, आणि स्वयंपाक आटोपला की चुलीवरून पोतेरं फिरवायचं. म्हणजे पृष्ठभाग साफ करायचा नाही, त्याच्यावर नवा पातळ थर द्यायचा. आजच्या भाषेत बोलायचं तर ‘फिनिश’ रोज नव्यानं लागत होतं, आणि ते लावणारे हात घरातल्या बायकांचे होते. पाण्याचं काम तिथून लांब, घराच्या मागच्या अंगाला चालायचं. कोकणात न्हाणीत चुलाण्यावर तांब्याचं मोठं भांडं, बसायला एक सपाट दगड, आणि सांडपाणी थेट अळवाला नाहीतर केळीला. देशावरच्या वाड्यांत बंब आणि घंगाळ. शौचाची जागा त्याहूनही दूर, आणि ती साफ करण्याचं काम जातीनं ठरवलेल्या माणसांच्या डोक्यावर. या भागाचा इतिहास टाइलच्या रंगांइतका गोंडस नाही. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी साध्या, स्वस्त ‘गोपुरी संडासा’चा प्रचार केला तो याच प्रथेविरुद्ध.

धुण्याजोगी जमीन आली दगडासोबत, आणि दगड आला रेल्वेनं. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. तो जात्याला उत्तम, पाट्या-वरवंट्याला उत्तम, किल्ल्यांना तर उत्तमच. पण तो लाव्हा थिजून झालेला दगड. त्याला पापुद्रे नाहीत. इंच-दीड इंच जाडीची सपाट लादी त्यातून काढायची तर टाकीनं घडवत बसावं लागतं, आणि ते सामान्य घराला परवडणारं नव्हतं. याउलट चुनखडी समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून बनते. छिन्नी मारली की थराच्या रेषेत उकलते. असा दगड सोलापूरच्या पुढं, कलबुर्गीजवळच्या शहाबादला जमिनीच्या पोटात पसरलेला होता. मुंबईकडून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि मद्रासकडून आलेली मद्रास रेल्वे 1871 साली रायचूरला एकमेकींना मिळाल्या. शहाबाद या लोहमार्गावर पडतं. आणि त्याच मार्गावर रायचूरच्या पलीकडे आंध्रातलं कडप्पाही पडतं. मुंबई-पुण्याच्या घरांतली जमीन आणि ओटा हे दोन्ही दगड एकाच रुळावरून आले असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. गावांची नावं इतकी रुजली, की आज ‘शहाबादी’ आणि ‘कडाप्पा’ ही आपल्यासाठी वस्तूंची नावं झाली आहेत. ती कुठल्या गावाची, हे फरशी बसवणाऱ्या गवंड्यालाही आठवायचं कारण उरलेलं नाही.

चाळीतली मोरी हे शहाबादी फरशीचं खरं घर. खोलीच्या एका कोपऱ्यात चार फरश्या, भोवती वीतभर उंचीचा कठडा, एक नळ नाहीतर पिंप. तिथंच भांडी, तिथंच आंघोळ, तिथंच कपडे. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यातलं अंतर, जे वाड्यात दहा-वीस पावलांचं होतं, ते इथं त्या वीतभर कठड्यावर आलं. विहार तलावाचं पाणी 1860 साली मुंबईत पोचलं होतं. 1896 च्या प्लेगनंतर शहराला स्वच्छतेची धास्ती बसली, आणि 1898 मध्ये दाट वस्त्या सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. हवा, उजेड आणि धुता येणारी जमीन ही तेव्हापासून आरोग्याची भाषा झाली. मोरी घासायची, पाणी मारायचं, खराट्यानं निपटून काढायचं, हा रोजचा नेम तिथं बसला. सारवणाची जागा धुण्यानं घेतली. रोज पूर्ण पृष्ठभागावरून हात फिरलाच पाहिजे, ही जुनी शिस्त मात्र तशीच राहिली.

बाहेरच्या खोल्यांचं नशीब वेगळं. श्रीमंतांच्या बंगल्यांत विलायतेतून आलेल्या नक्षीदार फरश्या असत. 1922 साली मुंबईत सिधवा या पारशी कुटुंबानं स्वदेशीच्या प्रेरणेनं भारत फ्लोअरिंग टाइल्स सुरू केली. या फरश्या भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंटचं मिश्रण नक्षीप्रमाणे ओतायचं, यंत्रानं दाबायचं आणि मग पाण्यात मुरवायचं. पुढं संगमरवराच्या चुरीची मोझॅक फरशी आली आणि सहकारी सोसायट्यांच्या दोन पिढ्या तिच्यावर वाढल्या. घिसाईचं मशिन घरघरत असताना घरभर पसरणारा तो राखाडी चिखल ज्यांनी पाहिलाय त्यांना तो विसरता येत नाही.

पण खरी उलथापालथ झाली ती फरशीत नव्हे, उंचीत. चुलीपाशी बाई पाटावर बसून स्वयंपाक करत होती. लाकडाचा जाळ कमरेच्या उंचीवर नेणं गैरसोयीचं होतं, धूर थेट तोंडावर. प्रायमसच्या स्टोव्हनं धूर कमी केला आणि स्टोव्ह कुठंही उचलून ठेवता येऊ लागला. मग पन्नाशीच्या दशकात बर्मा-शेल कंपनीनं मुंबईत सिलिंडरचा गॅस विकायला सुरुवात केली. गॅसची शेगडी वर आणि सिलिंडर खाली, अशी मांडणी करायची तर मध्ये काहीतरी भक्कम, न जळणारं, धुता येणारं हवं. ते काम कडाप्पानं केलं. तळाला उभे कडाप्पे, वर आडवा कडाप्पा, दोन फूट रुंद. बाई उभी राहिली आणि तिच्याबरोबर ‘ओटा’ हा शब्दही घराबाहेरून स्वयंपाकघरात आला. आधी ओटा म्हणजे दारापुढचा, गप्पांचा.

कडाप्पाचा एक दोष मात्र त्याच्या जातीतच आहे. तो चुनखडी, आणि आपलं स्वयंपाकघर आंबट. लिंबू, चिंच, कोकम, ताक. पितळेची भांडी चिंचेनं घासायची तीही तिथंच. आम्ल लागलं की चुनखडीचा वरचा थर विरघळतो आणि काळ्या ओट्यावर भुरे डाग उमटतात. त्यावर घराघरांतला उपाय म्हणजे खोबरेल तेलाचा हात. शहाबादी मोरीचं तेच दुखणं. पांढरे डाग घालवायला दुकानातलं ॲसिड ओतलं, की फसफसून डागाबरोबर दगडही जातो. अशी मोरी दर खेपेस थोडी अधिक खरबरीत होते, आणि खरबरीत झाली की अधिक मळते. हे माहीत असूनही पुढच्या दिवाळीला ॲसिडची बाटली येतेच.

या दुखण्यावर काचेचा मुलामा दिलेल्या पांढऱ्या टाइल्स हा इलाज होता. दवाखान्यांत आणि हॉटेलांत त्या आधीपासून दिसत. 1958 साली एच. अँड आर. जॉन्सन या टाइल कंपनीचा कारभार भारतात सुरू झाल्यावर त्या मध्यमवर्गाच्याही आवाक्यात येत गेल्या. सहा बाय सहा इंचाची पांढरी टाइल, मधूनच एक फुलाची. बाथरूममध्ये सुरुवातीला तीन-चार फुटांपर्यंत डॅडो, म्हणजे भिंतीच्या खालच्या भागाला टाइल्सचा पट्टा, वर ऑइलपेंट. मग हळूहळू दाराच्या उंचीपर्यंत, मग छतापर्यंत. मुलाम्यावर ना चिंचेचा परिणाम, ना ॲसिडचा. मार खातात ते सांधे. या भिंतीच्या टाइलचं मागचं अंग मात्र सच्छिद्र असतं, वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिणारं. म्हणूनच गवंडी त्या आधी पाण्यात भिजत घालायचा. नाहीतर सिमेंटमधलं पाणी टाइलच शोषून घेणार आणि पकड सुटणार. नंतर आलेली व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. तिला भिजवून उपयोग नाही, आणि नुसत्या सिमेंटवर ती नीट चिकटतही नाही. तिला वेगळा चिकटा लागतो. जुन्या हाताचा कारागीर ती जुन्याच पद्धतीनं बसवतो आणि वर्षा-दोन वर्षांत टाइल पोकळ वाजू लागते, याचं कारण एवढंच.

आज या टाइल्स बहुतेक गुजरातेतल्या मोरबीहून येतात. कौलं बनवणारं हे गाव. 1979 च्या ऑगस्टमध्ये मच्छू धरण फुटून ते उद्ध्वस्त झालं, आणि त्यानंतरच्या काही दशकांत देशातलं टाइल्सचं सर्वांत मोठं केंद्र बनलं. गावोगावच्या दुकानांत चार फुटी ‘इटालियन मार्बल’ रास्त भावात मिळतो तो मोरबीच्या छपाईयंत्रांतून निघतो, इटलीतून नव्हे.

ओट्यावर कडाप्पाची जागा घेतली ग्रॅनाइटनं. हिऱ्याच्या पात्यांनी कापणं स्वस्त झालं तेव्हा दक्षिणेतल्या खाणी घराघरांत पोचल्या. आंध्रातल्या चिमकुर्तीचा सोनेरी ठिपक्यांचा काळा दगड ‘ब्लॅक गॅलेक्सी’ नावानं जगभर जातो. भूगर्भशास्त्राच्या हिशेबात तो ग्रॅनाइट नाहीच, गॅब्रोच्या कुळातला आहे, पण लिंबू पिळलं तरी हूं की चूं करत नाही, तेव्हा ओट्याला त्याची जात विचारायचं कारण नाही.

ओट्याखालची गोष्ट अधिक मजेची आहे. मॉड्युलर किचनची आजी समजलं जातं ते फ्रँकफर्टचं स्वयंपाकघर मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी 1926 साली आखलं. जेमतेम 1.9 बाय 3.4 मीटरचं. पिठाचे खण ओकच्या लाकडाचे, कारण त्यातल्या टॅनिनमुळं कीड लागत नाही. कपाटं निळसर, कारण माशा निळ्यावर बसत नाहीत असा तेव्हा समज होता. अशी सुमारे 10 हजार स्वयंपाकघरं तिथल्या वसाहतींत बसवली गेली. ही कल्पना फिरत फिरत आपल्याकडे आली तेव्हा मराठी घरांनी तिचं जे केलं त्याचं नाव ‘किचन ट्रॉली’. कडाप्पाचे उभे खांब तसेच ठेवायचे आणि त्यांच्यामध्ये स्टेनलेस स्टीलच्या जाळीच्या सरकत्या टोपल्या बसवायच्या. लाकूड फक्त दर्शनी पल्ल्याला, त्यावर सनमायका. कारण रात्री ओटा धुतला की पाणी खाली ओघळणारच. युरोपातलं भुशाच्या फळीचं कपाट पुसण्याच्या संस्कृतीतलं. ते आपल्या पाण्यात दोन पावसाळ्यांत फुगतं. म्हणूनच आजही चांगला सुतार सिंकखाली 710 मार्काचं, पाण्याला टिकणारं मरीन प्लाय घ्यायला सांगतो आणि कपाट जमिनीपासून चार इंच वर उचलतो. माझ्या मते गेल्या तीस वर्षांतलं आपलं सर्वांत शहाणं स्वयंपाकघर ते कडाप्पा आणि ट्रॉलीचंच होतं. दिसायला साधं, म्हणून शोरूममध्ये त्याला जागा मिळाली नाही.

सध्या बोलबाला क्वार्ट्झचा आहे. स्फटिकाची पूड आणि राळ यांचा दाबून केलेला हा पाट आम्लाला दाद देत नाही, पण राळेमुळं तापलेली कढई थेट ठेवली की डागाळतो. कापताना उडणारी त्याची धूळ कारागिरांची फुप्फुसं निकामी करते. त्यामुळं ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून अशा कृत्रिम दगडावर बंदीच घातली. आपल्याकडे मात्र तो इमारतीच्या आवारात, तोंडाला रुमाल बांधून, कोरडाच कापला जाताना दिसतो.

बाथरूममध्ये नवा शब्द आहे ‘ड्राय एरिया’. काचेचं पार्टिशन, पलीकडे शॉवर, अलीकडे कोरडी जमीन. आर्किटेक्टच्या नकाशावर ही रेषा अगदी स्पष्ट असते. पण देशभरच्या प्लंबिंगच्या कागदांत जमिनीतल्या जाळीखालच्या सांडव्याला अजून ‘न्हाणी ट्रॅप’च म्हणतात. प्लंबरला विचारा: कोरड्या भागातही तो एक न्हाणी ट्रॅप टाकून ठेवतो, आणि उतार तिकडेच देतो.